कडक स्प्रिंगचा भ्रम

नॉटिंगहॅमच्या हेडन रोडवर जॉर्ज ब्रफचा मोटारसायकलींचा कारखाना होता. तिथली ‘ब्रफ सुपीरियर एसएस १००’ १९२४ च्या अखेरीस जाहीर झाली. गाडी ताशी १०० मैलांच्या वर चालवून पाहिली आहे, अशी लेखी हमी गिऱ्हाइकाला मिळे. इंजिन मात्र ब्रफचे नव्हते. ते लंडनच्या जेएपी कंपनीचे, सुमारे हजार सीसीचे व्ही-ट्विन. व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि त्यांच्या स्प्रिंगा उघड्यावर. असे इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे करते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ ४२ वेळा उघडतो आणि मिटतो. एका खेपेला त्याच्या वाट्याला जेमतेम दहा मिलिसेकंद येतात. तेवढ्यात त्याला थोपवून माघारी आणायचे काम स्प्रिंगचे. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कॅमवर फिरत्या चाकाने टेकणाऱ्या रोलर टॅपेटचा प्रसार झाला, स्प्रिंगचे पोलाद कितीतरी सुधारले. पण एक समजूत हलली नाही. इंजिन जोरकस करायचे तर मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग घालावी, आणि टॅपेट रोलरचे असेल तर मग बघायलाच नको, अशी ती समजूत. तिच्यात खरे आहे ते थोडे, आणि तेही भलत्याच कारणाने.

व्हॉल्व्ह उघडतो कॅम. स्प्रिंगची खरी गरज लागते ती त्याच्या पुढच्या टप्प्यात, कॅमचे टोक जवळ येते तेव्हा. वेग घेतलेला व्हॉल्व्ह तसाच पुढे जाऊ पाहतो आणि त्याला आवरून टॅपेट कॅमला चिकटलेले ठेवावे लागते. जोर कमी पडला तर टॅपेट कॅमवरून सुटते, मग आदळते, आणि व्हॉल्व्ह सीटवर बसताना उसळतो. कॅम तोच असेल तर लागणारा जोर दोन गोष्टींवर ठरतो: हलणारे वजन आणि वेगाचा वर्ग. सहा हजारांवरून सात हजार फेऱ्यांवर जायचे तर इंजिनाचा वेग सतरा टक्क्यांनी वाढतो, पण जोर ३६ टक्के जास्त लागतो. वजनही कुठे आहे यावर त्याची किंमत ठरते. टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या रॉकरचे, म्हणजे तरफेचे, गुणोत्तर १.५ असेल तर टॅपेटकडचे १०० ग्रॅम व्हॉल्व्हच्या बाजूला ४४ ग्रॅमइतकेच जाणवतात. म्हणून व्हॉल्व्ह आणि त्यावर स्प्रिंग धरून ठेवणारा रिटेनर यांचे काही ग्रॅम कमी केले तर जे साधते, ते स्प्रिंग कडक करूनही स्वस्तात साधत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रोलर कॅम बनवणारे स्वतःच कडक स्प्रिंग मागतात, ते काय उगीच? उगीच नाही, पण कारण रोलर हे नव्हे. रोलर टॅपेट सपाट टॅपेटपेक्षा बहुधा जड असते हे खरे. पण ते वजन रॉकरच्या अलीकडे असल्यामुळे अर्ध्याहून कमी मोजले जाते. मुख्य कारण कॅमच्या आकारात आहे. सपाट टॅपेट किती वेगाने उचलता येईल याला त्याच्या तळाच्या व्यासाची मर्यादा असते. त्यापलीकडे गेले तर कॅमचा स्पर्श तळाच्या कडेबाहेर जातो. रोलरला ही अडचण नाही, त्यामुळे रेसिंगचा रोलर कॅम व्हॉल्व्हला फार झपाट्याने वर नेतो. जे झपाट्याने वर नेले त्याला तितक्याच सक्तीने आवरावे लागते. स्प्रिंग मागतो तो हा चढ. कितीतरी साध्या गाड्यांमध्ये केवळ घर्षण कमी व्हावे म्हणून रोलर बसवलेले असतात. त्यांचे कॅम सौम्य असतात आणि त्यांना बेताच्या स्प्रिंगा पुरतात.

कडक स्प्रिंग ताकद खाते, असे उलट बाजूचे लोक सांगतात. तेही फारसे टिकत नाही. स्प्रिंग दाबायला जी ऊर्जा लागते त्यातली बरीचशी व्हॉल्व्ह मिटताना कॅमच्या उतरत्या बाजूला ढकलून परत मिळते. वाया जाते ते मुख्यतः घर्षणात, आणि रोलर असेल तर तेही थोडेच. मग कडक स्प्रिंग घालून ठेवायला हरकत काय, विम्याचा हप्ता समजावा? हरकत अशी की तो जोर कुठेतरी सोसावा लागतो. रोलरच्या आतल्या बारीक सुयांच्या बेअरिंगवर तो येतो, कॅमवर येतो, सीटवर येतो. उघडताना टॅपेट आणि रॉकर यांच्यामधला पुशरॉड वाकतो आणि टोकाजवळ सरळ होताना साठलेली ऊर्जा व्हॉल्व्हला देतो. म्हणजे ज्या उडीला आळा घालायला स्प्रिंग बदलली, तीच उडी वाढू शकते. पुशरॉड जाड आणि ताठ घेणे हा त्यावरचा चांगला उपाय, कारण त्याचे वाढीव वजन पुन्हा स्वस्त बाजूलाच पडते. हायड्रॉलिक टॅपेटचे तर वेगळेच. रॉयल एनफिल्डच्या युसीई इंजिनामुळे हे टॅपेट आपल्याकडेही ओळखीचे झाले. त्याच्या आत तेलावर तरंगणारा छोटा दट्ट्या असतो. जोर अति झाला तर तेल झिरपून दट्ट्या खाली बसतो आणि व्हॉल्व्हची उचल घटते. जोर कमी पडला तर टॅपेट मोकळे होताच दट्ट्या वर चढतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. त्याला दोन्ही बाजूंनी बांध आहे.

आकडे ढोबळ असले तरी अंदाज देतात. रस्त्यावरच्या जोरकस हायड्रॉलिक रोलर इंजिनाला व्हॉल्व्ह बंद असताना साधारण ६० किलोचा दाब चालतो. रेसिंगच्या सॉलिड, म्हणजे तेलाचा दट्ट्या नसलेल्या, रोलरला ९० किलो किंवा त्याहून अधिक, आणि पूर्ण उघडल्यावर २५० किलोंच्या पुढे.

एकात एक दोन स्प्रिंगा म्हणजे दुप्पट ताकद, हाही असाच समज. दुसऱ्या महायुद्धात ब्रफच्या कारखान्यात मोटारसायकली थांबल्या आणि रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान-इंजिनाच्या सुट्या भागांचे काम चाले. त्या मर्लिनमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हवर एकात एक अशा दोन स्प्रिंगा होत्या, आणि ते इंजिन तर तीन हजार फेऱ्यांपर्यंतच जाणारे. दोन स्प्रिंगांचा फायदा असा की एक तुटली तरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही. शिवाय प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची कंपने असतात. स्प्रिंगची कंपने सेकंदाला ४७० च्या आसपास असतील, तर सात हजार फेऱ्यांवर कॅमच्या फेऱ्यांची आठपट नेमकी तिथे येते आणि वेटोळी आपसात थरथरू लागतात. दाबयंत्रावर पुरेसा दिसणारा जोर चालत्या इंजिनात नाहीसा होतो. दोन स्प्रिंगांची कंपने वेगळी असल्याने त्या एकाच वेळी थरथरत नाहीत. दोन महायुद्धांमधल्या ब्रिटिश रेसिंग मोटारसायकलींवर हेअरपिन स्प्रिंगा आल्या त्यामागेही कडकपणाचा हव्यास नव्हता. हलणारे वजन कमी आणि वेटोळी व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून दूर, हा त्यांचा गुण. आजची वर निमुळती होत गेलेली स्प्रिंग तेच वेगळ्या वाटेने करते: रिटेनर लहान होतो आणि सगळी वेटोळी एका सुरात थरथरत नाहीत.

म्हणून खोक्यावरचा एक आकडा पाहून स्प्रिंग घेऊ नये. व्हॉल्व्ह बंद असताना ६० किलो, दर मिलिमीटरला ६ किलो आणि उचल १२ मिलिमीटर असेल तर टोकावर १३२ किलो होतात. पण बसवण्याची उंची एक मिलिमीटरने चुकली की दोन्ही आकडे सहा किलोंनी सरकतात, आणि सीट घासून झाल्यावर ती उंची वाढलेलीच असते. पूर्ण उचलीवर वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. एकूण दीडेक मिलिमीटरची मोकळीक ठेवतात. नवी स्प्रिंग पहिल्यांदा तापून निवल्यावर थोडा जोर सोडते, तेव्हा मोजणी त्यानंतर पुन्हा करावी आणि पुढच्या तुलनेसाठी तोच आकडा वहीत लिहावा.