मुंबईचे पाणी आणि मॉली

मुंबईकराला आपल्या नळाच्या पाण्याचा अभिमान असतो आणि तो अनाठायीही नाही; 1860 मध्ये विहार, 1892 मध्ये तानसा आणि 1957 मध्ये मोडकसागर अशी एकामागून एक जलाशयांची तजवीज होत गेली, पुढे भातसा व मध्य वैतरणा त्यांत मिळाले, आणि भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून जे पाणी उपनगरांत खेळवले जाते त्यात तूरडाळ मुकाट्याने शिजते, साबणाला भरपूर फेस येतो व गीझरच्या पोटात क्षारांची पुटे सहसा धरत नाहीत. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवरून वाहत आलेल्या पावसाच्या या पाण्याची चुनखडीशी फारशी गाठभेट होत नाही. म्हणून ते, शालेय रसायनशास्त्राच्या भाषेत, सुफेन राहते. अंधेरी-बोरिवलीच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेटीत नांदणाऱ्या मॉली माशाची तक्रार आहे ती नेमकी याच गुणाविरुद्ध.

मॉलीचा मूळ मुलूख मेक्सिको, मध्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा. चुन्याने जड झालेले ओढे आणि भरतीबरोबर खारट होणाऱ्या खाड्या यांत तो वाढलेला. सावकाश सवय लावली तर निव्वळ समुद्राच्या पाण्यातही जगणारा. दुकानदार मात्र ‘एकदम दणकट मासा, साहेब, काही करावं लागत नाही’ असे सांगून तो पिशवीत बांधून देतो, आणि थोड्याच आठवड्यांत मासा पर आवळून एकाच जागी डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो; पुढे सरकण्याचा प्रयत्न दिसतो, पण सरकणे घडत नाही. छांदिष्ट मंडळी याला ‘शिमी’ म्हणतात. पुष्कळदा हा रोग नसून क्षारांच्या जमाखर्चातील तूट असते: सुफेन पाण्यात कल्ल्यांवाटे अंगातील क्षार झिरपत राहतात, बाहेरचे पाणी आत शिरत राहते, आणि ते उपसून टाकता टाकता मूत्रपिंडे थकतात. घरात मात्र खाद्याला दोष दिला जातो, मग नजर लागल्याचा संशय येतो, आणि शेवटी निळ्या औषधाची बाटली उघडते.

यावर चिमूटभर खडे मीठ हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आहे आणि मुलुंड-भांडुप-कांजूरची मिठागरे पाहत वाढलेल्या माणसाला तो सुचणे स्वाभाविकही आहे. परंतु मीठ आणि जडपणा या दोन भिन्न वस्तू आहेत, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते पेटीतील घाणीतून तयार होणाऱ्या नायट्राइटचा विषार काहीसा रोखते, पण मॉलीला हवे असलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम त्यातून मिळत नाही. त्याला लिटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक जडपणा मानवतो. त्यासाठी धुऊन घेतलेले कालवांचे शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे फिल्टरमध्ये ठेवावेत. किंवा सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी तपासून थोडे मिसळावे. भांड्यांवर पांढरे डाग पाडणारे आणि केवळ फ्लशच्या टाकीस लायक ठरलेले हे पाणी मॉलीला पथ्यकर ठरू शकते. निऑन टेट्रासारख्या सुफेन पाण्यातल्या माशांना त्याच पेटीत कोंबण्याचा हव्यास मात्र सोडावा लागेल.

1961 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था वर्सोव्यात आहे. तिच्या हाकेच्या अंतरावरील इमारतींतही माशाआधी पाणी पाळावे लागते हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. विष्ठेतून आणि उरल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणू पेटीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि जड, आम्लारिधर्मी पाण्यात अमोनिया अधिकच मारक ठरतो. तेव्हा निदान 60 लिटरची पेटी, दर आठवड्यास चतुर्थांश पाण्याची बदली, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे, एवढा बंदोबस्त हवाच.

हे जमले की वंशवृद्धीसाठी वेगळे काही करावे लागत नाही. नराच्या पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता, मादीचा पंख्यासारखा. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या नाहीत तर तो एकीलाच छळून बेजार करतो. एकदा समागम झाला की मादी शुक्रजंतू कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून दुकानातून एकटी आणलेली मादीही सुमारे महिन्याच्या अंतराने पिले देत राहते. अंडी नव्हे, जिवंत पिले: घडी घातल्यासारखे वाकलेले, सेंटीमीटरभर लांबीचे पिलू बाहेर पडते, क्षणभर तळाशी टेकते, अंग सरळ करते आणि थेट वनस्पतीच्या गर्दीत घुसते, कारण खुद्द जन्मदात्री त्याला गिळण्यास कमी करत नाही. एका वेतात वीस ते साठ पिले होतात. प्रसूतीसाठी मादीला प्लास्टिकच्या चिमुकल्या डबीत कोंडणे मला पटत नाही. भेदरलेली मादी पिले अकाली टाकते. हायड्रिलाचे दाट रान त्याहून बरे. पिलांना भुकटी केलेले खाद्य दिवसातून तीन-चारदा थोडेथोडे द्यावे, मोठ्यांना उकडलेला पालक. शेवाळ तर मॉली स्वतःहून खरवडून खातो. फुग्यासारख्या पोटाची ‘बलून मॉली’ ही पाठीच्या कण्याची विकृती निवडून जोपासलेली जात असून, ती कौतुकाने विकत घेणाऱ्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही.

प्रश्न उरतो तो भरमसाट वाढलेल्या पिलांचा. ओळखीचा दुकानदार ती खाद्याच्या पुड्याच्या बदल्यात घेतो. शेजारच्या मुलांना वाटूनही काही संपतात. पवई तलावात सोडणे हा मात्र मार्ग नव्हे: खारे-गोडे दोन्ही पाणी पचवणारा आणि महिन्याला वेत देणारा परदेशी मासा एकदा तेथे रुजला, तर त्याला परत काढण्याची तजवीज कोणत्याही खात्यापाशी नाही. महापालिका डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडते, हा दाखला या बाबतीत वारंवार दिला जातो. पण ते काम कीटकनाशक विभाग ठरावीक जागा पाहून करतो, पाळणाऱ्याने आपल्या मर्जीने बादली रिकामी करण्याशी त्याचा संबंध नाही.