दुकानाचा हिशेब संगणकावर : निवड कशी करावी?

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ दुकानावर किंवा कापसाच्या व्यापारावर चालतो. दिवाळीत पूजेला मांडावयाची वही अजून घरोघर आहे. तथापि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला आणि त्याची विवरणपत्रे संगणकाच्या मार्गाने भरणे आले. साहजिकच वहीचे काम सॉफ्टवेअरकडे जाऊ लागले. बाजारात अशी सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. त्यांतून आपले कोणते, याचा विचार येथे करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सॉफ्टवेअर नवा हिशेब शिकवीत नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हा क्रम तोच राहतो. जमा-नावेची जी दुहेरी पद्धत इटलीतील लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिस येथे ग्रंथरूपाने छापली, तीच संगणकातही चालते. आपल्याकडे सर्वपरिचित असलेले टॅली हे श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली बंगलोरात सुरू केले, तेही घरच्या व्यवसायाच्या हिशेबाची गरज म्हणून. गरज आधी, साधन मागाहून, हा क्रम आपणही सोडू नये.

आपल्या जिल्ह्याच्या गरजा दोन. पहिली कापसाची. शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापारी कच्चा कापूस घेतो, तेव्हा त्यावरील कर शेतकरी भरीत नाही. तो खरेदीदाराने भरावयाचा असतो. ही उलट आकारणी नोव्हेंबर २०१७ पासून आहे. एक लाखाच्या खरेदीवर पाच टक्क्यांप्रमाणे पाच हजार रुपये व्यापाऱ्याने आधी रोखीने भरावयाचे आणि मग नियमाप्रमाणे त्यांची वजावट घ्यावयाची. या खरेदीचे बीजकही त्यानेच स्वतः करावयाचे. ही नोंद ज्यात सरळ होत नाही, ते सॉफ्टवेअर किराणा दुकानाला कितीही उत्तम असले तरी कापसाच्या व्यापाऱ्याच्या उपयोगाचे नाही.

दुसरी गरज सीमेची. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा; सोयरीक तिकडची, गिऱ्हाईकही तिकडचे. परंतु पाच टक्के कराचा माल आदिलाबादेतच विकला तर अडीच टक्के केंद्राचा व अडीच टक्के राज्याचा असा कर लागतो. तोच पांढरकवड्यास पोचता केला तर पाच टक्क्यांचा एकच आंतरराज्य कर लागतो. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात : तेलंगणाचे ३६, महाराष्ट्राचे २७. हा भेद ओळखून सॉफ्टवेअरने बीजक बरोबर करावयास हवे. शिवाय केवळ मालाच्या विक्रेत्यास नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात चाळीस लाख असली, तरी तेलंगणाने ती वीस लाखच ठेवली आहे. आणि परराज्यात माल विकणाऱ्यास सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते. नातेवाइकाच्या तिकडील दुकानाचे अनुकरण करणाऱ्याने हे विसरू नये.

आता विश्वासाचा प्रश्न. वहीत खाडाखोड डोळ्यांस दिसते. संगणकात आकडा बदलला तर मागमूस राहीलच असे नाही. म्हणून जीएसटीच्या नियमांनी बदललेल्या व पुसलेल्या प्रत्येक नोंदीची टिपणी राखणे बंधनकारक केले आहे. ही सोय आहे काय, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावयाचे असतात. तेव्हा वर्गणी थांबली तर जुनी खाती उघडतील काय, आणि सारा हिशेब साध्या तक्त्यात उतरवून दुसरीकडे नेता येईल काय, हेही विचारावे. रोजची एक प्रत दुकानाबाहेर सुरक्षित ठेवावी.

याहून महत्त्वाची गोष्ट घरातील आहे. पुष्कळ ठिकाणी सांकेतिक शब्द एकट्या मुनीमजींस ठाऊक असतो. ते आजारी पडले, अथवा कर्ता पुरुष अकस्मात गेला, की येणे किती व देणे किती हे पत्नीस वा मुलांस कळत नाही. वही निदान उघडून वाचता तरी येत असे. म्हणून मालकाचा प्रवेश मालकाकडे, मुनीमजींचा त्यांच्याकडे असा वेगळा असावा आणि घरातील आणखी एका माणसास तरी उधारीची यादी काढता यावी. जे सॉफ्टवेअर घरच्यांस समजत नाही, ते स्वस्त असले तरी महागच पडते.

निवडीपूर्वी आपल्याच दुकानाची दहा निरनिराळी बिले घ्यावीत : शेतकऱ्याची खरेदी, परराज्याची विक्री, परत आलेला माल, उधारीची अंशतः वसुली. ती विक्रेत्यासमोर भरून पाहावीत. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्या दिवशी आरंभ करून महिनाभर वही व संगणक दोन्ही चालवावेत. महिनाअखेर दोहोंची बाकी एक आली, तरच वही मिटावी.