परदेशीं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस अर्धवेळ कामाची मुभा

विद्येकरितां समुद्रापलीकडे जाणें ही आतां आमच्या समाजांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां लोकांस तें मोठें आश्चर्य वाटलें होतें. आज शालान्त परीक्षा जवळ आली कीं सामान्य स्थितीच्या घरांतूनही परदेशचा विषय निघतो, आणि त्याबरोबर एक वाक्य हटकून कानीं पडतें: "तिकडे गेल्यावर मुलगा काम करील आणि आपली फी आपणच भरील." या एका वाक्याच्या भरंवशावर कित्येक पालक शेत किंवा राहतें घर गहाण टाकून कर्ज काढतात. म्हणून या वाक्यांत खरें किती व कल्पित किती, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस यथाशक्ति समजावून द्यावें, असा आमचा विचार आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, शिकतां शिकतां कष्ट करण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. प्रेषित पौल करिंथ शहरीं राहिला असतां तंबू करण्याच्या धंद्यावर आपला निर्वाह करीत असे. आपल्याकडे माधुकरी मागून व वार लावून जेवून विद्या संपादन करणारांची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व 'कमवा व शिका' या मार्गानें तींत असंख्य गरीब मुलें शिकून मोठीं झालीं. १९२२ सालीं अमेरिकेस गेलेल्या जयप्रकाश नारायण यांनीं द्राक्षांच्या मळ्यांत व उपाहारगृहांत मजुरी करून तेथील विद्यापीठांचें शिक्षण घेतलें. तेव्हां प्रश्न कष्टांचा नाहीं. कष्टांस कायद्यानें घातलेल्या मर्यादेचा आहे.

ही मर्यादा कां असते? विद्यार्थ्यास जो व्हिसा मिळतो तो शिकण्यासाठीं मिळतो. "मी येथें विद्या घेण्यास येत आहें, व माझ्या खर्चाची तजवीज मजजवळ आहे," असें त्यानें त्या सरकारास लेखी सांगितलेलें असतें. पूर्ण वेळ नोकरी करणारा मनुष्य नांवापुरता विद्यार्थी उरतो, आणि त्या देशांतील मजुरांच्या पोटावरही पाय येतो. म्हणून शिक्षण मुख्य व काम गौण रहावें, एवढ्याच बेतानें तासांची संख्या ठरविलेली असते. पुष्कळ देशांत या कामाकरितां निराळा परवाना काढावा लागत नाहीं. मुभा किती व कोणत्या अटींवर, हें व्हिसाच्या अटींतच नमूद असतें. म्हणून तो कागद हातीं पडतांच अक्षर न् अक्षर वाचावा.

इंग्लंडांत पूर्ण वेळ पदवीचा किंवा त्यावरचा अभ्यास करणाऱ्यास सत्र चालू असतांना बहुधा आठवड्यास २० तास काम करतां येतें. पदवीखालील अभ्यासक्रमास ही मर्यादा १० तासांची आहे. सुटींत पूर्ण वेळ काम चालतें. परंतु स्वतंत्र धंदा करणें, व्यावसायिक खेळाडू किंवा नट-गायक म्हणून पैसा मिळविणें, आणि कायम स्वरूपाची पूर्ण वेळ नोकरी धरणें, या गोष्टींस मनाई आहे. दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचविण्याचें काम बहुतेक ठिकाणीं स्वतंत्र धंद्यांत मोडतें. पुष्कळ मुलें हें न जाणतां फसतात.

अमेरिकेचा नियम अधिक कडक आहे. तेथें विद्यार्थ्यास सत्रकाळीं आठवड्यास २० तासांपर्यंत काम करतां येतें, पण तें आपल्याच महाविद्यालयाच्या आवारांत: ग्रंथालयांत, भोजनगृहांत, प्रयोगशाळेंत किंवा कचेरींत. पहिलें शैक्षणिक वर्ष पुरें होईपर्यंत आवाराबाहेरील काम सामान्यतः वर्ज्य आहे. पुढें अभ्यासक्रमाचाच भाग असलेलें काम करावयाचें असल्यास परदेशी विद्यार्थ्यांकडे पाहणारा महाविद्यालयाचा अधिकारी 'आय-२०' नामक कागदावर तशी नोंद करतो. आपल्या विषयांतील अनुभवासाठीं १२ महिन्यांपर्यंत काम करण्याची सवलत आहे, पण तिच्यासाठीं सरकारकडून निराळें ओळखपत्र मिळवावें लागतें. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांस आणखी २४ महिने मिळूं शकतात. अनपेक्षित आर्थिक आपत्ति आल्यास बाहेरील कामाची खास परवानगी मागतां येते. परंतु ती हातीं येण्यापूर्वीं एक दिवसही काम करूं नये.

इतर देशांचे नियम पाहतां ते किती लवकर बदलतात हें ध्यानांत येतें. कानडांत पूर्वीं आठवड्यास २० तासांची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ अखेर ती उठविली गेली, आणि ८ नोव्हेंबर २०२४ पासून २४ तासांची नवी मर्यादा लागू झाली. ऑस्ट्रेलियांत जानेवारी २०२२ मध्यें बंधन शिथिल झालें. १ जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तासांची मर्यादा आली. जर्मनींत वर्षाला १२० पूर्ण दिवस किंवा २४० अर्धे दिवस चालत असत. १ मार्च २०२४ पासून ते १४० व २८० झाले. आयर्लंडांत एरव्हीं आठवड्यास २० तास, आणि जून ते सप्टेंबर व १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळांत ४० तास, अशी योजना आहे. यावरून एवढा बोध घ्यावा कीं, दोन वर्षांपूर्वीं गेलेल्या चुलतभावाचा अनुभव हा आपल्या वेळचा नियम नव्हे.

आतां तास मोजण्याविषयीं. येथें प्रामाणिक मुलांच्याही हातून चुका होतात. पहिली चूक सरासरी काढण्याची. "मागच्या आठवड्यांत १६ तास केले, या आठवड्यांत २४ करूं," हा हिशेब इंग्लंडांत चालत नाहीं. तेथें सोमवार ते रविवार असा प्रत्येक आठवडा स्वतंत्र मोजतात. दुसरी चूक दोन ठिकाणचे तास निराळे धरण्याची. दुकानांतले १२ व उपाहारगृहांतले १० मिळून २२ होतात, आणि २२ म्हणजे नियमभंग, मग दोन्ही मालकांस एकमेकांची वार्ता असो वा नसो. तिसरी चूक सुटीची. वर्ग बंद झाले म्हणजे सुटी लागली असें नव्हे. इंग्लंडांत एका वर्षाच्या एम. ए. किंवा एम. एस्सी.चा विद्यार्थी उन्हाळ्यांत प्रबंध लिहीत असतो, तो काळ सत्राचाच गणला जातो. सुटी केव्हां, हें आपल्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावें.

यापुढचा प्रश्न पैशाचा. घरच्या माणसांनीं कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदां करावा. २०२५ च्या एप्रिलमध्यें इंग्लंडांत २१ वर्षांवरील मनुष्याचा किमान मजुरीचा दर तासास १२ पौंड २१ पेन्स ठरला. २० तासांचे २४४ पौंड २० पेन्स. चार आठवड्यांचे ९७६ पौंड ८० पेन्स, तेही एकही पाळी न चुकतां. आणि त्याच वर्षाच्या आरंभीं तेथील सरकार लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या केवळ निर्वाहासाठीं महिन्यास १,१३६ पौंड, व लंडनांत १,४८३ पौंड जवळ असल्याचा पुरावा मागत होतें. म्हणजे परवानगी आहे तेवढे सगळे तास राबूनही नुसत्या राहण्या-जेवण्याचा खर्च भागत नाहीं. मग फी कोठून निघणार? शिवाय पुढें होणारी मजुरी या पुराव्यांत धरली जात नाहीं. जर्मनीचा नियम यापेक्षां निराळा नाहीं: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो तेथील खास खात्यांत आधीं ठेवून दाखवावे लागले. अर्धवेळ काम हें भाजीपाल्याला, प्रवासाला व पुस्तकांना हातभार लावतें. कर्जाचा डोंगर तें उचलीत नाहीं. जो दलाल "काम करून फी निघेल" असें छातीठोकपणें सांगतो, त्याच्या पुढ्यांत हाच हिशेब मांडावा.

या हिशेबांत तूट आली कीं चोरून काम करण्याचा मोह होतो. कोणी मालक म्हणतो, "तास लिहूं नकोस, रोख पैसे देतों." हें गोड बोलणें घातक आहे. अशा कामाची पावती नसते, किमान दराची हमी नसते, व मालकानें मजुरी बुडविली तर तक्रार करण्यास मुलगा कचरतो, कारण तक्रार करावी तर आपलाच दोष उघडा पडतो. नियमभंग सिद्ध झाल्यास व्हिसा रद्द होऊं शकतो, शिक्षण अर्ध्यावर सुटतें आणि पुढील अर्जांवरही त्याचा डाग राहतो. ज्या कर्जासाठीं एवढी धडपड केली तें कर्ज मात्र जागच्या जागीं असतें. उलट, नियमांत राहून काम करणाऱ्या विद्यार्थ्यास तेथील मजुराइतकेच हक्क असतात: ठरलेला दर, वेतनाची पावती व अन्याय झाल्यास दाद मागण्याचें ठिकाण.

विद्यार्थ्यांस आमची विनंती अशी. कामास लागण्यापूर्वीं त्या देशाच्या सरकारचा नियम स्वतः वाचा, करासाठीं लागणारा सरकारी क्रमांक मिळवा, एका वहींत रोजचे तास लिहा व वेतनाच्या पावत्या जपून ठेवा. शंका आल्यास खोलींतल्या सोबत्यास नव्हे, विद्यापीठाच्या अधिकाऱ्यास विचारा. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीं काम धरूं नका.

आणि पालकांस एवढेंच सांगणें आहे कीं, कर्ज काढतांना मुलाच्या मजुरीचा आंकडा जमेच्या बाजूस मांडूं नका. फी व पहिल्या वर्षाचा निर्वाह यांची तरतूद त्यावांचून होत असेल तरच पाऊल उचला. नसेल तर शिष्यवृत्ति शोधा, एक वर्ष थांबा, किंवा येथलेंच चांगलें महाविद्यालय निवडा. यांत मानहानि नाहीं. मुलगा तिकडे असतां "या महिन्याला किती पाठवतोस?" असें दूरध्वनीवर विचारूं नका. तो प्रश्न ऐकूनच पुष्कळ मुलें एकविसाव्या तासाला हात घालतात. त्याऐवजीं "अभ्यास कसा चालला आहे? जेवलास का?" असें विचारा. ज्या कामासाठीं त्याला इतक्या दूर धाडलें, त्याचें त्याला रोज स्मरण राहील.