पायलटचा परवाना आणि घराचं तारण

भारतीय मालकीची विमानसेवा सुरू झाली तीच मुळी मंदीच्या दिवसांत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी त्या बेल्लारीमार्गे मद्रासला नेल्या. जग तेव्हा महामंदीत होतं आणि टाटांकडे विमानं होती दोन. आज चेन्नईत बारावी झालेलं पोर पायलट व्हायचं म्हणतं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो, सध्या भरती चालू आहे का? पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरातही हेच विचारलं जातं. माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरावर एवढा मोठा निर्णय घेणं धोक्याचं आहे. विमान व्यवसायात मंदी येतेच आणि ती कधी येणार हे कंपन्यांच्या मालकांनाही आधी कळलेलं नाही. घराने विचारायला हवं ते वेगळंच: परवाना हातात आल्यावर दोन वर्षं नोकरीविना काढावी लागली, तर कर्जाचे हप्ते कोण भरणार?

चेन्नईने हे जवळून पाहिलं आहे. पवनचक्क्यांच्या व्यवसायातून आलेल्या एनईपीसी समूहाने १९९३ मध्ये इथून विमान कंपनी सुरू केली, दोनच वर्षांत मुंबईची दमानिया एअरवेज विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिची विमानं जमिनीवर आली. पुढे २००५ मध्ये पॅरामाउंट एअरवेज आली. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची छोटी जेट विमानं, सगळ्या जागा बिझनेस क्लासच्या. दक्षिणेत तिचं चांगलं नाव झालं होतं, पण भाडेपट्ट्याने विमानं देणाऱ्यांशी वाद झाले, विमानं परत गेली आणि २०१० मध्ये तीही थांबली. पायलटचं दुखणं इथे नीट समजून घ्यायला हवं. ड्रायव्हरला एक गाडी सोडून दुसरी चालवता येते, पायलटला तसं विमान बदलता येत नाही. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी मान्यता लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. पॅरामाउंट बंद पडली तेव्हा एम्ब्रेअर १७० उडवणारी दुसरी प्रवासी कंपनी देशात नव्हती. त्या जातीची विमानं नियमित सेवेत परत दिसली ती २०१३ मध्ये, विजयवाड्याच्या एअर कोस्टामध्ये. उलट एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तिथल्या बोइंग ७३७ च्या पायलटांना निदान तेच विमान वापरणाऱ्या इतर कंपन्यांची दारं ठोठावता आली. दोन्हीकडे माणसं मेहनतीचीच होती, फरक पडला तो विमानाच्या जातीमुळे.

नवख्या मुलाची अडचण याहून बिकट. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास विमान स्वतःच्या जबाबदारीवर नेलेलं. प्रत्येक उड्डाणाआधी विद्यार्थी पंखाखाली वाकतो, टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतो आणि उजेडात धरून बघतो. रंग निळसर आहे ना? तळाशी पाण्याचा थेंब तर नाही ना? मग उड्डाण, आणि उतरल्यावर लॉगबुकात तासांची नोंद. या नोंदींसाठी सगळा खर्च धरून अर्ध्या कोटीच्या पुढे रक्कम जाते, टाइप रेटिंगचे लाखो रुपये वेगळे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात, म्हणजे बहुधा राहतं घर किंवा गावाकडची जमीन. हप्ते सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. ५० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचं, तर महिन्याला सुमारे ६९ हजार रुपये लागतात. मध्यंतरीचं साठलेलं व्याज त्यात धरलेलंच नाही. आणि परवाना कपाटात ठेवून वाट बघावी, तर तसंही चालत नाही. वैद्यकीय तपासणी दरवर्षी, ढगांतून फक्त उपकरणांच्या भरवशावर उडण्याची मान्यताही दरवर्षी नवी करून घ्यायची. म्हणून नोकरी नसलेला पायलट दुहेरी खर्चात असतो: एक हप्ता बँकेचा, दुसरा हात चालू ठेवण्याचा.

मग मंदीत या वाटेला जाऊच नये, असं कोणी म्हणेल. आकडे मात्र वेगळं सांगतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२० मध्ये ५७८ व्यावसायिक परवाने दिले आणि २०२३ मध्ये १,६२२. कोविडच्या वर्षी फ्लाइंग क्लबच काही काळ बंद होते, त्यामुळे तो आकडा केवळ घाबरून पडला असं म्हणता येणार नाही. तरी प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे सगळे हात आखडून बसले होते तेव्हा ज्यांनी सुरुवात केली, ते बाहेर पडले तेव्हा एअर इंडिया ४७० आणि इंडिगो ५०० विमानांची मागणी नोंदवत होती. आणि तेजी बघून आलेले? त्याच २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली, पुढे प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमधल्या दोषामुळे इंडिगोची कितीतरी विमानं उभी राहिली. एकाच वर्षात तेजीही होती आणि मंदीही. भरतीची जाहिरात बघून घेतलेला निर्णय दीड-दोन वर्षांनी फळाला येतो, आणि तोवर वारं फिरलेलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देशाला येत्या वर्षांत हजारो पायलट लागणार आहेत असं सरकारही सांगतं, मग भीती कशाची? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, चेन्नईतही प्रवासी ताटकळले. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि कंपनीकडे पुरेशी माणसं नव्हती. टंचाई खरी होती. पण प्रवासी विमान उडतं कॅप्टन आणि को-पायलट मिळून, आणि कॅप्टन होण्यासाठीचा परवाना १,५०० तासांच्या अनुभवाखेरीज मिळत नाही. २०० तासांचा मुलगा ती जागा भरू शकत नाही. त्याला शिकवायला, शेजारी बसवायलाही अनुभवी कॅप्टनच हवेत. त्यामुळे एकाच वेळी कंपनीत पायलट कमी असतात आणि दाराबाहेर परवानाधारकांची रांग असते. ‘हजारो पायलट लागणार’ हे वाक्य खरं असलं, तरी ते आपल्या मुलाला यंदा नोकरी मिळेल असं आश्वासन नव्हे. प्रशिक्षण विकणाऱ्यांच्या जाहिरातीत या दोन्हींची सरमिसळ होते, ती घरच्यांनी वेगळी करून बघायला हवी.

खरा अन्याय मला दिसतो तो इथे: कंपनीला अनुभवी माणूस हवा असतो, पण तो घडवण्याचा सगळा धोका घरावर पडतो. कंपन्या म्हणतील, आमचाच नफा तुटपुंजा, हा खर्च आम्ही कुठून करायचा? ब्रिटिश एअरवेजनेही कोविडमध्ये मोठा तोटा सोसला होता, तरी २०२३ मध्ये तिने काही निवडक विद्यार्थ्यांचं संपूर्ण प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने करण्याची योजना जाहीर केली. ज्यांच्या घरी तारण ठेवायला काही नाही त्यांनाही यात येता यावं, हा तिचा हेतू होता. आपल्याकडे सोयी वाढताहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने तमिळनाडूत सेलम, सीमाभागात बेळगाव आणि खानदेशात जळगाव इथे उड्डाण प्रशिक्षणासाठी जागा दिल्या. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर ३४ विमानांची, वर्षाला १८० पायलट घडवणारी अकादमी जाहीर केली. त्या १८० पैकी थोड्या जागा तरी कंपनीने स्वतःच्या खर्चाने भराव्यात, आणि परवान्यानंतरच्या नोकरीची हमी लेखी द्यावी. ती मिळेपर्यंत पालकांना एकच विनंती: सातबारा बँकेच्या टेबलावर ठेवण्याआधी २४ महिन्यांच्या हप्त्यांची बेरीज कागदावर मांडा, आणि ती रक्कम कुठून येणार हे त्याच कागदावर लिहा.