बैल अचानक चिडका झाला? दोष वयाचा नसेलही

नांगरटी ट्रॅक्टरकडे गेली, तरी बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीची डवरणी अजून बऱ्याच शेतांत बैलजोडीच करते. त्यामुळे खामगाव असो की चिखली, गुरांच्या बाजारात पहिला प्रश्न आजही तोच: दात किती? कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असला, तरी गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून पाहतंच.

दातांचा हिशेब

बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण ८. सगळे दुधाचे असतील तर तो अदत. साधारण दोन-अडीच वर्षांत कायमच्या दातांची पहिली जोडी येते, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती आणि पाचव्या वर्षाच्या आसपास जुळलेला. त्यापुढे दात नुसते झिजतात. त्यामुळे जुळलेल्या बैलाचं नेमकं वय, व्यापारी कितीही ठामपणे सांगो, अंदाजच असतो.

दम कधी, शांतपणा कधी?

गोऱ्हा उधळतो, टकरी घेतो, कासरा ओढतो. खच्ची केल्यावर नराचं संप्रेरक कमी होतं आणि आक्रमकपणा उतरतो. पण कामाची शिस्त चिमट्याने येत नाही. ती जुन्या, सरावलेल्या बैलाच्या जोडीला जुंपल्यावर येते. साधारण चार ते दहा वर्षं हा भराचा काळ. नंतर बैल उन्हात लवकर धापतो, बसलेला उठायला वेळ लावतो, तास संपलं की थांबू पाहतो. मात्र ही उतरण हंगामामागून हंगाम होते आणि बैल बहुधा अधिक निवांत होत जातो.

म्हणूनच कालपर्यंत गरीब असलेला बैल आज जू ठेवताच शिंग उगारत असेल, तर ‘म्हातारा झाला’ म्हणून सोडून देऊ नका. आधी खांदा दाबून पाहा. खांदसूज असेल तर जू टेकताच कळ जाते. डोकं सारखं झटकणं, शिंग खांबाला घासणं, मान एका बाजूला झुकवणं, एका नाकपुडीतून रक्त येणं ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणं असू शकतात. हा आजार म्हाताऱ्या नव्हे, तर ५ ते १० वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या बैलांत जास्त दिसतो. लवकर कळल्यास शस्त्रक्रियेने शिंग काढून बैल वाचवता येतो. लाळ्या-खुरकूत होऊन गेलेली काही जनावरंही उन्हात धापू लागतात, अंगावरचे केस लांब वाढतात. तीही म्हातारी दिसतात, असतातच असं नाही.

चूक महाग का पडते?

मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. काम थांबलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं त्यानंतर अवघड झालं. चाऱ्याचा खर्च मात्र चालूच राहतो. बरा होणारा बैल म्हातारा समजून दावणीला बांधला, तर ऐन डवरणीत जोडी मोडते आणि दुसरा बैल घ्यावा लागतो.

पशुवैद्यकाला गावात बोलावण्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. फोन करताना बैल किती दाती आहे, बदल कधीपासून दिसतो आणि तो जुंपल्यावरच चिडतो की गोठ्यातही, एवढं सांगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना दोन्ही शिंगांची बुडंही हाताने हलवून पाहता येतात.