‘लागलं का कुठं?’

काम शोधणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोन मतं चालतात. ‘ज्याला खरंच करायचंय त्याला काम मिळतंच’ हे एक, आणि ‘ओळख असल्याशिवाय काही होत नाही’ हे दुसरं. मीरा रोडच्या शांती नगरात ही दोन्ही मतं एकाच घरात, एकाच जेवणाच्या वेळी ऐकू येतात. वडील पहिलं बोलतात, पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा दुसरं. दोघांनाही आपापल्या आयुष्याने तेच शिकवलेलं असतं, म्हणून भांडण मिटत नाही.

काम न मिळण्यात मुलाचा वाटा किती आणि बाहेरच्या परिस्थितीचा किती, हे ठरवायचं तर आधी शांती नगर काय आहे ते पाहावं लागेल. १९८०च्या दशकात शांतीस्टार बिल्डर्सने इथं इमारतींमागून इमारती उभ्या केल्या. ज्यांना मुंबईत खोली परवडत नव्हती, ते लोक दहिसर ओलांडून इथं आले. १९९१च्या जनगणनेत, मीरा रोड ज्या शहरात मोडतं त्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २०११ साली ती आठ लाख नऊ हजारांवर गेली. याच बिल्डरच्या नावाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दुर्बल घटकांसाठीच्या घरांचा तो वाद. १९९०च्या त्या निकालात न्यायालयाने राहण्याजोग्या निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल अभ्यासतात. त्याआधी १९८५ साली, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात, याच न्यायालयाने उपजीविकेचा हक्कही जगण्याच्या हक्कात मोजला होता. माणसं फुटपाथवर का राहतात, तर काम जवळ असतं म्हणून, हे त्या निकालाने मान्य केलं. शांती नगरात याच्या नेमकं उलट घडलं. घर मिळालं, काम चाळीस किलोमीटर मागे राहिलं.

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, इमिटेशन ज्वेलरीचं काम आहे. मीरा रोडला दुकानं, शाळा, दवाखाने आहेत. एवढ्यावर आठ लाखांचं गाव चालत नाही. बाकीच्यांना चर्चगेटकडे जाणारी गाडी धरावी लागते. सकाळी विरारहून येणारी लोकल मीरा रोडला थांबते तेव्हा दारातच माणसांची भिंत असते. चढायला जमत नाही म्हणून कित्येकजण आधी उलट दिशेने भाईंदरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. नोकरी असलेला माणूस हे पास काढून करतो. नोकरी शोधणाऱ्याला रोज सुट्टं तिकीट काढावं लागतं, वर चहा-वडापाव, झेरॉक्स, इस्त्रीचा शर्ट. घरात पगार येत नसताना हा खर्च आईकडे मागावा लागतो. दहा वॉक-इनपैकी सहाच का केले, असं विचारणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा. फोनवरच्या पहिल्या मुलाखतीत ‘राहता कुठे?’ हा प्रश्न येतो आणि ‘मीरा रोड’ म्हटल्यावर ‘लांब पडेल हो तुम्हाला’ असं उत्तर येतं. लहान मूल असलेल्या बाईला तर हे वाक्य जवळजवळ पाठ असतं. २०२३-२४च्या सरकारी पाहणीत शहरांतल्या पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम अठ्ठावीस काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या निघाल्या. उरलेल्या बहात्तर जणींमध्ये ‘लांब पडेल’ ऐकून शोधणंच सोडलेल्या किती असतील, हे त्या आकड्यात दिसत नाही. शोधणं थांबवलं की बाई बेरोजगार म्हणूनही मोजली जात नाही.

आता शिक्षणाचं. शिकलास तर नोकरी लागेल, हे वचन आपण पोरांना बालवाडीपासून देत आलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेचा २०२४चा भारतीय रोजगार अहवाल सांगतो की २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. अशिक्षितांचं बरं चाललंय, असा याचा अर्थ नव्हे. त्यांना थांबणं परवडत नाही, मिळेल ते करावं लागतं. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या पदवीसाठी घराने काहीतरी गहाण टाकलेलं असतं.

२०२४च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेमागे शंभर. पहाटे चारला उठून मैदानावर धावणाऱ्या मुलाची मेहनत खरी आहे आणि ती वाया जात नाही. त्या मेहनतीमुळे तो शंभरातला पन्नासावा असेल तर दुसरा होऊ शकतो. पण जागा एकच आहे. शंभरच्या शंभर जणांनी दुप्पट मेहनत केली तरी नव्व्याण्णव घरी परतणार. रांगेत कुठं उभं राहायचं हे माणसाच्या हातात थोडंफार असतं, रांग किती लांब असावी हे नसतं. वडील-मुलाच्या भांडणात नेमकी हीच गल्लत होते.

आणि रांगेत पुढे असूनही मागे ढकलले जाणारे आहेतच. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि संशोधक पॉल अटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण, अनुभव सारखा, फक्त आडनावं वेगळी. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. शांती नगरला लागूनच मुस्लिम वस्तीचं नया नगर आहे. एकाच स्टेशनवर उतरणाऱ्या, एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन मुलांना किती अर्ज करावे लागतात यात एवढा फरक असेल, तर दोघांच्या प्रयत्नांना एकच माप लावणं अन्याय आहे.

या सगळ्याचं टोक मीरा रोडने २०१६ साली पाहिलं. ४ ऑक्टोबरच्या रात्री ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक मुलं-मुली ताब्यात घेतली गेली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. अमेरिकेतल्या लोकांना फोन करायचा, आपण तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगायचं, अटकेची भीती घालून पैसे काढायचे, असा तो धंदा. फोन करणारी बहुतेक विशी-पंचविशीतली होती. संहिता हातात दिलेली असायची, ती वाचायची. समोरचा माणूस घाबरून रडतो आहे हे ज्याला ऐकू येत होतं आणि तरी ज्याने पुढचं वाक्य वाचलं, त्याची जबाबदारी कुठल्याही बेरोजगारीने पुसली जात नाही. माझं मत याबाबत पक्कं आहे. पण इतकी मुलं तिथं गोळा का झाली, याचं उत्तर त्यांच्या नीतीत शोधून भागणार नाही. काम घराजवळ होतं. कामचलाऊ इंग्रजी पुरत होतं. आणि घरी सांगता येत होतं, ‘लागलो’.

हे सांगता येणं किती मोलाचं असतं, हे बेकारीतून गेलेल्यालाच कळतं. लोकलच्या डब्यात दारावरच्या पत्र्याला चिकटवलेले स्टिकर पाहा. पार्ट टाइम, घरबसल्या, अनुभवाची गरज नाही, खाली फक्त मोबाइल नंबर. त्यातले कित्येक रजिस्ट्रेशनचे हजार-दोन हजार उकळून गायब होतात, आणि फसलेला कुणाला सांगत नाही. बेकारी माणसाला आतून कशी बदलते, याचा जुना अभ्यास आहे. व्हिएन्नाजवळच्या मारियेनथाल गावात कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. १९३३ साली तो प्रसिद्ध झाला. हातात सगळा दिवस मोकळा, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं. पुरुषांची रस्त्यावरची चाल मंदावली होती. आपण ज्याला आळस म्हणतो तो बऱ्याचदा बेकारीनंतर येतो, आधी नव्हे.

याला जोडून मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचं १९७०च्या दशकातलं काम पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक येते. सोसायटीतले शेजारी, जुना वर्गमित्र, मंडळातला कुणी. आणि बेकार माणूस नेमका याच लोकांना टाळतो. गणपतीत मांडवात येत नाही, लग्नाला जात नाही, लिफ्टमध्ये कुणी असेल तर जिन्याने उतरतो. का? कारण प्रत्येकजण विचारतो, ‘लागलं का कुठं?’ आणि उत्तर ऐकून उपदेश करतो. आपण त्याच्यावर ठेवलेला दोषच त्याच्या वाटेतला एक अडथळा होतो.

सरकारचीही बाजू आहेच. १९७२च्या दुष्काळात आपल्या राज्याने रोजगार हमी सुरू केली, १९७७ साली तिचा कायदा केला, पुढे देशाने तो धडा घेतला. पण हमी मुख्यतः ग्रामीण भागापुरती राहिली. केरळ आणि राजस्थानने शहरी हमीचे प्रयोग केले, महाराष्ट्राने नाही. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना सहा ते दहा हजार विद्यावेतन मिळालं खरं, पण मुदत संपल्यावर तीच मुलं कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आली.

मग शोधणाऱ्याच्या हातात काय उरतं? थोडं उरतं आणि ते सोडू नये. नोकरीसाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नये. कंपनीचा पत्ता पाहिल्याशिवाय आधार-पॅन पाठवू नये. उठण्याची वेळ मोडू नये. आणि आपल्याला काम हवंय हे लपवू नये, दहा जणांना सांगावं. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे, कारण ते ऐकणाऱ्यावरही अवलंबून आहे. म्हणून नोकरीत असलेल्या वाचकाला एवढीच विनंती: तुमच्या ऑफिसात जागा निघाली तर ती इमारतीच्या ग्रुपवर टाका. शेजारच्या मुलाचा बायोडाटा मागून घ्या, योग्य माणसाच्या टेबलापर्यंत पोचवा, आणि काम झालं नाही तर तसं त्याला फोन करून सांगा.