रस्ता चकाचक, पण गाडी कुठाय?

शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात जरा कान द्या. लॉगआउट करता करता प्रश्न येतोच, "कसा जाणारेस?" अकलूज, माळीनगर, श्रीपूरकडच्या मंडळींचं उत्तर ठरलेलं: रस्त्यानं. मित्राच्या कारमध्ये कोंबून घ्या, नाहीतर एसटी गाठा. हट्टानं रेल्वेच धरली, तर संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस कुर्डुवाडीला सोडते. तिथून रात्रीच्या वेळी पुढं कसं जायचं, ते तुमचं तुम्ही बघा!

श्रीपूर म्हणजे साखर कारखान्याचं गाव. तुकोबांची पालखी इथूनच बोरगावकडे जाते. त्यामुळे पालखी मार्ग चौपदरी होणार म्हटल्यावर सगळेच खूश. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. ज्ञानेश्वर महाराज मार्ग दिवेघाट ते मोहोळ, सुमारे २२१ किलोमीटर, ६,६९० कोटींच्या वर. तुकाराम महाराज मार्ग पाटस ते तोंडले-बोंडले, सुमारे १३० किलोमीटर, ४,४०० कोटींच्या घरात. वारकऱ्यांना चालायला कडेनं वेगळी वाट. झकास! तक्रार रस्त्याबद्दल नाहीच.

आता रुळांचं बघा. फलटण-पंढरपूर रेल्वेची मागणी आपल्या आजोबांच्या काळातली. ३० मार्च २०२१ ला पुणे-फलटण डेमू सुरू झाली, फोटोबिटो निघाले. पण फलटणपासून पंढरपूरपर्यंतचे शंभरेक किलोमीटर? माळशिरस तालुका अजून वाटच बघतोय.

असं का होतं? पैसा उभा करायची पद्धत बघा. २०१६ पासून महामार्गांना हायब्रिड अ‍ॅन्युइटीची सोय आहे. काम चालू असताना सरकार ४० टक्के देतं, उरलेले पैसे कंत्राटदार उभे करतो आणि सरकार ते वर्षानुवर्षं हप्त्यानं फेडतं. थोडक्यात, ईएमआयवर रस्ता! वर टोल आहेच. नव्या रेल्वेमार्गाला मात्र आधी परतावा किती ते कागदावर दाखवावं लागतं, मग राज्य निम्मा खर्च उचलणार का ते ठरतं, मग दरवर्षी बजेटकडे डोळे.

सोलापूरनं हे एकाच दिवशी पाहिलंय. ९ जानेवारी २०१९. पंतप्रधानांच्या हस्ते सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद चौपदरी महामार्गाचं लोकार्पण झालं, खर्च सुमारे ९७२ कोटी. त्याच सभेत त्याच गावांच्या रेल्वेचीही गोष्ट निघाली, अंदाज हजारेक कोटींचा. म्हणजे किंमत जवळपास तीच! रस्त्यावर गाड्या पळायला लागल्या; रेल्वेसाठी राज्यानं आपला निम्मा वाटा, सुमारे ४५२ कोटी, मान्य करेपर्यंतच काही वर्षं गेली.

"कार घे ना मग," असं सहज म्हणणाऱ्यांनी पुणे-लोणावळा लोकल आठवावी. १९७८ पासून ती धावतेय. तळेगाव, कामशेतची माणसं पास काढून रोज कामाला येतात आणि रात्री घरच्या ताटावर जेवतात. कर्ज नाही, पार्किंगची कटकट नाही. चौपदरी रस्ता ज्याच्याकडे चावी आहे त्याला जवळ आणतो. पंढरपूरला कॉलेजला जाणाऱ्या श्रीपूरच्या मुलीला आजही एसटीचं टाइमटेबलच बघावं लागतं. शेवटची गाडी चुकली, तर घरून कुणीतरी बाइक घेऊन निघायचं, अंधारात, त्याच नव्या रस्त्यानं.